तळ्यात काय सोडायचं

प्रिय चिऊ,

मागच्या दारच्या तळ्याचं तुला कळवायचं राहूनच गेलं. आजारी पडायच्या आधी बाबांनी कपडे वाळत घालायच्या जागेवर कमरेइतकं खोल तळं बांधलं. एकट्याने. जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त करणारा माणूस गवंड्याला हात लावू देतो होय? खाली मासे, वर खडी भरलेल्या वाफ्यात पालेभाजी. माशांच्या घाणीवर भाजी पोसते आणि पाणी निवळून परत तळ्यात येतं. अॅक्वापोनिक्स म्हणतात त्याला. मी आपली कपडे कुठे वाळत घालू म्हणून भांडत बसले आणि मासे कुठले आणणार, हे विचारायचंच राहिलं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात, पण बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय, ‘हो’. तू तर ओळखतेस त्यांना. ज्या माणसाच्या तोंडून आधी ‘नाही’ निघायचं, त्याच्याकडे नेमका ‘हो’ उरावा!

पंप चालूच होता, पाणी रिकामंच फिरत होतं. शेजारचे मास्तर म्हणाले, वहिनी, काहीतरी सोडा त्यात, नाहीतर डासांची शाळा भरेल. म्हणून मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, खायला हवेत की बघायला? आता हे मला काय ठाऊक! चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसले, कापड कुठलं घ्यावं ते डोळे मिटून सांगेन. तो सांगत सुटला. तिलापिया दणकट, पण थंडीत मरतो आणि पिलावळ आवरत नाही. कोई, तो जपानी रंगीत मासा, देखणा, पण हातभर वाढतो, एवढ्याशा तळ्यात त्याचे हाल. कोळंब्या एकमेकींनाच खातात. गोगलगाई शेवाळ खातात आणि शेवाळ संपलं की रोपं. मी रिकाम्या हाताने परत आले. मास्तरांचं म्हणणं, बदकं पाळा. बदकांनी वाफे मुळासकट उपटले असते.

घरी येऊन बाबांना विचारलं. तिलापिया आणू? हो. कोई? हो. कोळंबी? हो. वैतागून म्हटलं, मगर सोडू का? त्यालाही हो, आणि मग हसले. त्यांना थट्टा कळली, की माझं तोंड बघून हसले? दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं. मास्तर म्हणतात, सगळं कळतं त्यांना. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.

शेवटी मी आठ गोल्डफिश आणले. मारावे लागणार नाहीत आणि थंडी सोसतात, एवढाच माझा हिशेब. लग्नानंतर या घरात कुणाला न विचारता घेतलेली ही माझी पहिली मोठी वस्तू असेल. पहिल्या दिवशी मी मूठभर खाणं टाकायला गेले तर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, चार दाणे राहू दिले, बाकीचे डब्यात परत टाकायला लावले. जास्त खाणं कुजतं, पाणी नासतं, हे मला नंतर दुकानदाराने सांगितलं. म्हणजे पाण्याचं त्यांना कळतं. माणसांचं किती कळतं, ते मला अजून उमगत नाही.

एवढं सगळं माशांचं लिहीत बसले, कारण तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीचं उत्तर मला सापडत नव्हतं. ‘बाबांना विचार, मी आले तर चालेल का.’ रविवारी ते तळ्याकाठी बसले होते तेव्हा विचारलं. हो म्हणाले. मला इतका आनंद झाला की खात्री करायला उलटं विचारलं, येऊ नको म्हणून कळवू का? जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि त्यालाही हो म्हणाले. त्या थांबण्याचा अर्थ काय लावायचा, मला कळत नाही गं. मनासारखा लावून तुला फसवणार नाही. पण एक कबूल करते. तीन वर्षांपूर्वी तू तुझ्या पसंतीच्या माणसाबरोबर दारात उभी होतीस आणि बाबा नाही म्हणाले, तेव्हा मी आतल्या खोलीत शिवणयंत्र चालवत राहिले. माझं मत मला कुणी विचारलं नाही, आणि मीही ते सांगितलं नाही. आज सांगते. हे बाबांचं उत्तर समजू नकोस, माझं समज. ये. दोघंही या. दार मी उघडेन.

तेव्हा गप्प राहिलेली, तुझीच,
आई