शांतवनने सोडलेला प्याला

शिरूर, दि. २२ एप्रिल २०२५

चि. शांतवन यास,
प्रभूमध्ये सलाम व आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस. रेल्वेच्या इंजिनानं कान नेले म्हणतोस. मला वाटतं, तुला नको तेवढंच ऐकू येत नाही. म्हणून हा कागद.

परवा ईस्टरला इस्त्रीचा शर्ट घालून तू पुढच्या बाकावर बसलास. मला बरं वाटलं. मग पाळकसाहेब प्रभुभोजनाचा प्याला घेऊन आले. भाकर तू खाल्लीस आणि प्याल्याला मान हलवलीस! आपल्या मंडळीत प्याला कोण सोडतं? ज्याच्या हातून ताजं काही पाप घडलंय तो. बाहेर चहा घेताना कुशाबाईनं विचारलंच, की शांतवन पुन्हा प्यायला लागला काय. मी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. दुसरं काय करणार?

सुवार्ता मुलगी तुझी, पण तिची आई, रूथ, गेल्यापासून माझ्याकडे वाढलेली. तुला ती अजून 'ते दौंडचे' म्हणते. मे अखेरच्या लग्नात तिनं तुझा हात धरून चर्चमध्ये यावं म्हणून मी वर्षभर तिच्या मागे होते. कबूलही झाली होती. ईस्टरहून घरी आली आणि म्हणाली, की आत्या, तूच चल माझ्याबरोबर.

खरं काय ते लिही. थापा मारणारे पेशंट मी मेट्रन असताना पुष्कळ पाहिलेत.

लोभ आहेच, सध्या राग त्याच्या पुढे उभा आहे.
तुझी आक्का,
सुलक्षणा

दौंड, दि. २७ एप्रिल

ती. आक्कास,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. त्याला कान लागत नाहीत.

मी पीत नाही, आक्का. तुमच्याकडचा द्राक्षारस आंबवलेला असतो. प्याला माझ्यापर्यंत यायच्या आधी वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. प्रभूच्या मेजापाशी! रूथच्या पोटात दुखायला लागलं त्या दिवशी मी घरातच होतो, पण उठून उभं राहण्याच्या अवस्थेत नव्हतो. शेजाऱ्यांनी तिला नेईपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून थेंब घेतला नाही. प्रभूनं क्षमा केली, यावर माझा विश्वास आहे. तहान मात्र त्यानं ठेवलीय. बाकीचे एक घोट घेतात आणि जागेवर बसतात. मी एका घोटावर कधी थांबलोय? म्हणून भाकर दोन्ही हातांनी घेतो आणि प्याला पुढे जाऊ देतो.

सुवार्ताला हे सांगू नकोस. सवलत मागितल्यासारखं होईल. तिची आई माझ्यामुळे गेली. कुणाचा हात धरायचा ते तिचं तिनं ठरवावं. मी मागच्या बाकावर बसेन. तू मात्र गुडघ्याला पट्टा बांधून चाल.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझा,
शांतवन

शिरूर, दि. १२ मे

चि. शांतवन यास,
सलाम व आशीर्वाद वि. वि.

सांगू नकोस म्हणालास. मी सांगितलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला पुष्कळ शिकवलं, गप्प बसणं तेवढं राहून गेलं.

पोरगी ऐकता ऐकता गवार निवडत बसली. मग विचारलं, की त्यांना दर वेळी असाच वास येत असेल का. येत असेल, म्हटलं. तशी उठली, पायात चपला घातल्या आणि थेट पाळकसाहेबांकडे. मागोमाग मी. साहेब म्हणाले, की तुमच्या भावासाठी वेगळ्या पेल्यात सरबत ठेवू. मी म्हटलं, म्हणजे सगळं चर्च पुन्हा त्याच्याच पेल्याकडे बघत बसेल. ठेवायचं तर सगळ्यांना एकच. चर्चची कमिटी बसली तेव्हा कुरकुरली, की वाडवडिलांपासून असंच चालत आलंय. त्यावर सुवार्ता उभी राहिली आणि म्हणाली, की माझ्या वडिलांना जे चालत नाही ते माझ्या लग्नात नको. 'वडील' म्हणाली, शांतवन. कमिटीनं मान्य केलं. लग्नाच्या प्रभुभोजनाला आता काळ्या मनुकांचा ताजा रस.

ईस्टरला तू त्या बाकावर एकटा झगडत होतास आणि मी शेजारी बसून लोकांची तोंडं बघत होते. प्रभूकडे त्याची क्षमा मागितली. तुझ्याकडे मागायची तर तू समोर हवास. कुशाबाईला मी सगळं सांगितलंय, म्हणजे गावात वेगळं सांगायला नको.

राग गेला, मागे लोभच उरलाय, तो ठेवून घे.
तुझी आक्का,
सुलक्षणा

ता. क. खाली पोरीनं लिहिलंय. मी वाचलेलं नाही. म्हणजे, एकदाच वाचलं.

पप्पा, सलाम.
मनुका आणून ठेवल्यात. लग्नाआधी एकदा रस करून बघायचाय. शनिवारी या, पहिला पेला तुमचा. आत्याचा गुडघा फार दुखतो, लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारापासून मला तुमचा हात लागेल.
तुमची,
सुवार्ता