साहेबांच्या स्क्रीनवर तुझा रेझ्युमे

रविवार, १२ एप्रिल

प्रिय चिमे,

खूप खूप आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे. जिना उतरते, पण कुरकुर चालूच. बाबांनी बाल्कनीतली खुर्ची हौसेनं रंगवली आणि रंग ओला असतानाच तिच्यावर बसले. पँट गेली. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आमच्या कंपनीत भरती चालू आहे. परवा साहेबांनी मला आत बोलावलं. एका अर्जावरचं आडनाव वाचून म्हणाले, "नात्यातली का ही?" मी कौतुकानं म्हटलं, "धाकटी बहीण." मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

दातांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर. मी लिहिलेलं. माझ्या रेझ्युमेतला तो परिच्छेद तू जसाच्या तसा उचललास. नमुना म्हणून तूच मागून नेला होतास. माझी शुद्धलेखनाची चूकसुद्धा तशीच होती गं.

"दोघींपैकी कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

"दोघींनी" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तुझी दांडी उडाली असती, आणि मागोमाग माझी. मी म्हणाले, "मी."

नकाराची मेल तुला मिळालीच असेल. पुढचं मात्र तुला ठाऊक नाही. मी तिथून उठले नाही. म्हणाले, "तिनं जे खरंच केलं, ते तिनं लिहिलेलंच नाही." दवाखान्यात काउंटरवरची बाई माझं सॉफ्टवेअर बघून रडकुंडीला आली, तेव्हा तिच्याजवळ स्टूल ओढून कोण बसायचं? एकाच वेळेला दोन पेशंट नोंदले जातात, हे कुणी पकडलं? मी तुझ्यावर खेकसले होते, "चूक नाहीच त्यात!" होती. तू पुन्हा पुन्हा करून दाखवलीस, तेव्हा कुठे मी मान्य केलं. याला टेस्टिंग म्हणतात, बाई. लोक याचा पगार घेतात. आणि तू लिहितेस काय, तर "मेहनती, शिकण्याची आवड"! अगं, आळशी माणूसही तेच लिहितो.

हे सगळं ऐकून साहेब एवढंच म्हणाले, "मग हे लिहायला काय झालं होतं?" पण उसनं काम दाखवणाऱ्याला ते पुन्हा बोलावत नाहीत. इथलं दार बंद झालं. ते मी लावलं असं तुला वाटत असेल, तर मी वाद घालणार नाही.

दुसरीकडे अर्ज कर. एक पान पुरे, पण सगळं तुझं. काय बिघडलं होतं, तू काय शोधलंस, त्यानं काय सुधारलं, एवढंच सरळ लिही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तुझ्याबद्दल सांगायला तयार आहेत. मी विचारून आले.

आई रोज विचारते, "ती का येत नाही?" मी "कामात आहे" म्हणते. तुझी नोकरी गेल्याचं अजून तिला सांगितलेलं नाही. पण आता माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही, चिमे. येऊन तूच सांग.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि तरी तुझीच,
ताई