फुग्याला बांधलेलं घड्याळ

रविवार, ९ नोव्हेंबर

पळसदेव. पाणी गार, वर धुकं. येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो, म्हणून उतरायला उशीर.

आज पहिल्यांदा मिलिंदचं घड्याळ माझ्या मनगटावर. त्याच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून कपाटात पडून होतं. स्ट्रेस टेस्ट होईपर्यंत धरणाच्या पाण्यात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलंय. मग त्यानंच घड्याळ काढलं, चार्ज केलं, माझ्या हाताला बांधलं. "मी नाही, तर निदान हे तरी पोहू दे."

लग्नानंतर त्यानंच मला कळंबच्या विहिरीत पोहायला शिकवलं. त्याच्याशिवाय मोठ्या पाण्यात ही पहिलीच खेप. तो काठावर खुर्ची टाकून. घड्याळात सिम आहे, त्यामुळे मी कुठं आहे ते त्याच्या फोनवर ठिपक्यानं दिसतं. दिसायला हवं.

बाहेर आले तर हसत होता. नकाशावर माझी रेघ अर्धी पाण्यात आणि अर्धी कुणाच्या तरी फडात. "एवढी उसातून पोहत आलीस, दोन कांडी तरी आणायचीस."

हात पाण्याखाली गेला की घड्याळाचा आभाळाशी संबंध तुटतो. त्यालाही ठाऊक आहे. तरी घरी येईपर्यंत ती वेडीवाकडी रेघ मोठी करकरून बघत होता.

मंगळवार, ११ नोव्हें.

घड्याळ मि.च्या पोहण्याच्या ॲपवरच्या खात्याला जोडलेलं. म्हणजे रविवारी पोहले मी, आणि सगळ्यांना दिसलं मि. पोहला. संध्याकाळी पुण्याहून त्याच्या पोहणाऱ्या मित्राचा फोन. आवाज स्वयंपाकघरापर्यंत. "मिल्या, सोडलं का रे तुला पाण्यात?"

"बायको होती रे ती," मि. म्हणाला.

फोन ठेवून मेथी निवडायला बसला. अख्खी जुडी निवडली. एरवी मेथीचं नाव काढलं की बाहेर कामं निघतात त्याची.

रविवार, १६ नोव्हें.

मि.ची नवी युक्ती. मी कमरेला दोरीनं बांधून मागे ओढते तो केशरी फुगा सतत पाण्यावर असतो. मग घड्याळ हातात कशाला, फुग्यालाच बांधू. बांधलं. रेघ एकदम सरळ, शाळेतल्या पट्टीनं मारल्यासारखी.

मनगटावर नसल्यामुळे नाडीच्या जागी मात्र रिकामं. "ठोके काहीच नाहीत," मि. म्हणाला. "माझ्यापेक्षा तुझी केस गंभीर."

तात्यांनी नाव जवळ आणली. मासेमारी त्यांची, पण मी पाण्यात असले की जाळी सोडून आसपास घुटमळतात. मि.कडे बघून म्हणाले, "बाई पवत्यात तिकडं, आन तुमी बघताय फोनात. मान वर करा की सायेब, फुकाट दिसतंय."

मि.नं मान वर केली, हात हलवला, परत फोनात. त्याला रेघ होताना बघायची असते. मला माहीत आहे ती रेघ तो कशी बघतो.

बुधवार, १९ नोव्हें.

कळंबहून सासूबाई आल्या. मि. कारखान्यात गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टर न्हाय म्हणलाय न्हवं?"

"हो आई. तो उतरत नाही. काठावर बसतो."

"मग नेतीस कशाला? भुकेल्या माणसाला पंगतीत बसवायचं आन वाढायचं न्हाय. तसं झालं हे."

दिवसभर तेच डोक्यात.

संध्याकाळी मि.ला विचारलं, रविवार बंद करूया का काही दिवस. तुझी टेस्ट होईपर्यंत.

"मग मी काय बघू? टीव्ही?"

"मी विचारतेय ते खरं विचारतेय."

"मीही." आणि मग हळू, "तू पाण्यात उतरलीस की माझा आठवडा निभतो, अनू."

मी पोहण्याची पिशवी परत दारामागे टांगली.

रविवार, २३ नोव्हें.

क्रमानं लिहिते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

वारा होता. बरीच आत गेले, बदकांचा थवा उठला तो बघायला थांबले. वळले तर मागे फुगा नाही. दोरी कमरेच्या पट्ट्यातून सुटलेली. फुगा लांब, वाऱ्याबरोबर जलपर्णीच्या दिशेनं निघालेला, घड्याळ घेऊन. म्हटलं तात्यांना सांगू आणायला. आणि मी आपली काठाकडे, नेहमीच्या जागी.

खुर्ची रिकामी.

मि.ला फोनवर काय दिसलं असेल ते मला नंतर कळलं. ठिपका एकदम वाट सोडून गेला. मग जलपर्णीत थांबला. थांबूनच राहिला. समोर ऊन पाण्यावर चमकत होतं, माझं डोकं दिसेना. डोळ्यांपेक्षा त्यानं ठिपक्यावर विश्वास ठेवला आणि काठानं तिकडे पळत सुटला. पळत! मग बुटांसकट पाण्यात.

मी पाहिलं तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलेलं. एक हात वर, त्यात फोन. फुग्याकडे तोंड करून माझ्या नावानं ओरडत होता. मी मागून ओरडत होते. स्वतःच्याच हाकांत त्याला काही ऐकू जाईना. पोहायला लागले. एवढ्या जोरात कधी पोहले नसेन.

तात्यांचा आवाज पोचला. "ओ सायेब! फुगा हाय त्यो! बाई तुमच्या मागं हायेत! कुणाला हाका मारताय?"

तो वळला. तो चेहरा मला लिहिता येणार नाही.

मी पोचले, त्याच्या शर्टाला धरलं, सोडलंच नाही. तात्या नाव घेऊन शेजारी, रागानं लाल. "एकाला धरायचं म्हणलं तर दोघंबी पाण्यात! आधी कुणाला काढू मी?"

दोरीची गाठ मि.नंच बांधली होती.

सोमवार, २४ नोव्हें.

ईसीजी ठीक. डॉक्टर दोघांना बोलले, मला जास्त. शुक्रवारी टेस्ट.

घरी येऊन भांडण.

"ठिपका थांबला होता, अनू."

"मी थांबले नव्हते."

"ते मला कसं कळणार?"

"तात्यांना हाक मारायची. नाव होती तिथं. तुझ्या छातीत जाळी बसवलीय, मिलिंद."

चहा निवला. मग म्हणाला, "खरं सांगू? जाम घाबरलो होतो. पण पाणी छातीपर्यंत आलं ना, तेव्हा..."

पुढचं मला येतं. म्हणूनच झोप येईना.

शुक्रवार, २८ नोव्हें.

टेस्ट झाली. तसं बरं आहे. चाला, जिना चढा, हळूहळू वाढवा. पण धरणाचं पाणी अजून नको. "उन्हाळ्यात परत बघू," डॉक्टर.

गाडीत बसल्यावर मि. म्हणाला, "उन्हाळ्यात तिथं पाणी तरी असतं का?"

दोघं हसलो. मी हसत राहिले थोडा वेळ, तो आधीच थांबला होता.

रविवार, ३० नोव्हें.

गेलो. मीच म्हटलं, पण वेगळ्या तऱ्हेनं. आत जायचं नाही, काठाला धरून पोहायचं. घड्याळ त्याच्या हातात, फोन गाडीत. मी पाण्यातून, तो शेजारून चालत. पँट दुमडून, घोट्याएवढ्या पाण्यात. इतकं चालेल, डॉक्टरांनी चालाच म्हटलंय.

तात्या नावेतून बघत होते. "आता कसं! बैलजोडीवाणी."

घड्याळानं त्याचं चालणं धरलं. नाडीची ओळ भरलेली. घरी मला दाखवली, मी डोळे फाडून बघितली. त्याची रेघ आणि माझी रेघ आता एकच. फक्त नाव त्याचं, आणि यावेळी खरं.

परत येताना त्याची पँट दुमडीच्या वरपर्यंत ओली. "लाट आली," म्हणाला.

इथं लाट कुठली.

रविवार, ७ डिसेंबर

पळसदेव. वारा पडलेला, पाणी काचेसारखं.

मी श्वास उजवीकडूनच घेते. जाताना काठ उजवीकडे असतो, त्यामुळे दर श्वासाला मि.चे पाय दिसतात. घोट्याएवढं पाणी, ठरल्याप्रमाणे. मध्येच वाकून काहीतरी बोलतो, मला कानात पाणी असल्यानं कळत नाही, मी मान हलवते.

परतताना तो डावीकडे येतो. डावीकडून मला जमत नाही. म्हणजे अर्धी वाट मी त्याला बघतच नाही.

आज प्रयत्न केला. पहिल्या वेळी नाकात पाणी. दुसऱ्या वेळी घोटभर प्यायले, हिरवट चव अजून जात नाही. तिसऱ्या वेळी मान पुरेशी वळली.

पाणी त्याच्या मांड्यांच्या वर होतं. दोन्ही तळहात पाण्यावर उपडे ठेवलेले, गव्हातून चालताना ओंब्यांवर ठेवावेत तसे. माझ्याकडे बघत नव्हता. पुढे बघत होता, जिथं पाणी रुंद होतं तिकडे. चेहरा किती दिवसांनी इतका मोकळा.

हाक मारावी की नाही ते ठरेपर्यंत माझं तोंड परत पाण्यात गेलं होतं.