हवालदारांच्या किटलीची कल्हई

आवं हवालदार,

आज लय दिसांनी तुमाला कागद लिहिती. पत्ता कुठला घालायचा ठाऊक न्हाई, पण बातमी पोटात मावंना. तुमची विजंची किटली परत उकळाया लागली! पाणी घातलं अन् चहापत्तीचा डबा सापडायच्या आत सळसळ सुरू.

हसताय न्हवं? हिला किटलीचंच पडलंय म्हणत असाल. पडणारच की! पेन्शनीवर आला तवा ट्रंकेतनं ती काढलीत, अन् गावात विजेचा खांबसुदिक न्हवता. फळीवर देवागत बसून व्हती. कोरेगावचा बाजार करून येणारी माणसं वाट वाकडी करून बघाया यायची. तुमी मिशीवर हात फिरवून सांगायचा, आतनं कल्हई हाय, हात लावायचा न्हाई.

मग दिवे आले. किटली चालू झाली अन् तुमचा हुकूमबी. कुणी घासायची न्हाई, राखुंडी लावायची न्हाई, अन् कायम भरल्याली पायजे. का, तर शिपायानं तयारीत असावं! आता सांगती, राग मानू नका, तिथंच घोळ झाला. आपल्या हिरीचं पाणी कसलं? डाळ शिजंना त्यात, हंड्याला पांढरी कड धरती. तेच पाणी रात्रंदिस किटलीत. थर चढत गेला, अन् आपण म्हणायचो, बघा कल्हई कशी टिकलीया!

तुमी गेल्यावर ती पार थकली. आतलं तापणारं वेटोळं थराखाली दिसंना. म्हशीची धार काढून हुईस्तवर पाणी नुसतं कोमट. तुमचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं. मला वाटायचं, तुमच्या नावाचा चहा तुमच्याच किटलीतला असावा. दिनू म्हणाला, आये, आता मोडीत घालू. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

मग आपली सून शालन पुढं आली. विट्याच्या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याची पोर, राखंतनंबी सोनं काढंल, अशी लग्नात चेष्टा केल्ती तुमी तिची, आठवतंय का? तिनं चिंच भिजत घातली. म्हणाली, बाबा सोन्याला तेजाब लावत्यात, ह्याला आंबट पुरं. मी किटली पोटाशी धरून बसले. त्यांची कल्हई खरवडू द्यायची न्हाई म्हणाले.

रागावली न्हाई पोरगी. आतली एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली, वर लिंबू पिळलं. खपली फसफसली.

"आत्या," म्हणाली, "कल्हई कवा फसफसती व्हय?"

म्हंजी तो पाण्याचा चुनाच व्हता! दिली किटली. तिनं वायर काढून बाजूला ठेवली, चिंचेचं कढत पाणी आत वतलं. भाईरनं थेंब लागू दिला न्हाई. सकाळी वतून दिलं तर चुन्यागत खपल्याच खपल्या. पुन्यांदा घातलं. उरलं ते लाकडी उलथन्यानं हळू सोडवलं.

माझा जीव टांगणीला लागला. आत कल्हई न्हवतीच, असं निघालं तर? साऱ्या गावाला सांगून ठेवल्यालं तुमी! दिनू वाकून बघाया लागला. त्याला मागं सारलं अन् आधी मी बघितलं.

व्हती, हवालदार! थराखाली खरी कल्हई, चांदीगत लखलखीत. तुमी खोटं बोलला न्हवता. शेजारपाजारला हाका मारून दाखवली. दिनूला तर बोलावून बोलावून दाखवली.

श्राद्धाला तुमचा कप आधी भरला. पलटणीतले दोस्त आलते. त्यांनी इचारलं, वैनी, कल्हई नवी केली का? मी म्हणाले, जुनीच हाय, त्यांनी आणल्याली; वरनं सुनेचा हात फिरलाय. आवं, केवढी मान ताठ झाली माझी! तुमची पत्रं गुरुजींनी वाचू नयेत म्हणून मला अक्षरं शिकवलीत, आज त्याच अक्षरांनी सुनेची तारीफ कळवती. आता नात किटलीत वाकून आपलंच तोंड बघती अन् जीभ काढून दावती.

घरात आता शालनचा हुकूम चालतो. उरल्यालं पाणी वतायचं, किटली पुसून पालथी घालायची, बाजाराच्या दिशी चिंचेचं पाणी. भरून ठेवणार न्हाई, तेवढा एक तुमचा हुकूम मोडती. पण शब्द देती, माझं हात चालत्यात तवर तुमची कल्हई झाकू देणार न्हाई.

तुमचीच,
दिनूची आई