सावलीची मोजणी

१२ नोव्हेंबर

भाऊची दुसरी वही आज उघडली. नियम पक्के केले. गोळी स. ९.३० ला. आवाज १० ला उघडतो, १०.३० ला बसतो. कंपवात घशापर्यंत पोचल्यापासून दिवसाचा एवढाच अर्धा तास. त्यातून वहिनीचा चहा आणि मंदिराकडे येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वजा. स्वतः लिहिणं त्याने दिवाळीआधीच सोडलं. अक्षर मुंगीएवढं झालं होतं, भिंगातूनही लागेना. म्हणून लेखनिक मी. निवृत्त मुख्याध्यापिकेला दुसरं काम काय!

आज घेतलं: समुद्राचं नाव 'खोल'. तळावर कवचे राहतात. पाठीवर शिंपला, चाल मंद, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी, शेवाळाची शेती. आठे हे आठ हातांचे. मोजणी आणि न्याय त्यांच्याकडे. त्यांचं बोलणं कातडीच्या रंगातून, म्हणून खोटं बोलता येत नाही. तिसरे वाहते. काचेसारखे आरपार, घंटेच्या आकाराचे, प्रवाह नेईल तिकडे. जागा कुणाचीच नाही.

मी म्हटलं, आठ हातांचा प्राणी फार तर दोन-चार वर्षं जगतो. मी प्राणिशास्त्र शिकले आहे.

भाऊ: "तुहा जगत असंन तेवढा. माहा थोरला आठ्या तीनशे वर्साचा हाय. लिही."

लिहिलं.

१४ नोव्हेंबर

समुद्र त्याने पाहिलेला नाही. मी कॉलेजच्या सहलीत एकदा पाहिला, पाय ओले केले आणि परत. भाऊची सगळी नोकरी भूमापनात गेली. बांध, हद्दी, भावाभावांचे तंटे. तेव्हा त्याच्या समुद्रात लाटा नाहीत, मासळीचा वास नाही. खुणा आहेत, नकाशे आहेत. वाळू सरकते म्हणून कवच्यांच्या शेताची मोजणी दरवर्षी नव्याने. आठे दोर ताणतात. पण आधी लगतच्या प्रत्येकाला नोटीस. एकाच्याही हाती ती पडली नसेल तर दोराला हात लावायचा नाही.

"समुद्रातसुद्धा?" मी.

"समुद्रात त जास्तच."

वहिनी दारातून: "जमिनीवरचे भांडनं पुरले नाही या मानसाले. पान्यात नेऊन ठेवले!"

भाऊ हसला असावा. चेहरा आता हलत नाही, त्यामुळे सांगता येत नाही.

१७ नोव्हेंबर

सिलिंडर आलं. गोष्ट चांगली पुढे सरकली. वाहते वरून जातात तेव्हा त्यांची सावली कवच्यांच्या शेवाळावर पडते. कवच्यांचा अर्ज: आमच्या शेतावर पडणारी सावली मोजा आणि वाहत्यांना वरून जायला कायमची बंदी करा. अर्ज थोरल्या आठ्यापुढे येतो. निकाल तो देईल तो सर्वांना बंधनकारक.

भाऊला हे पूर्ण करायचं आहे. काल स्वच्छ बोलला: "डोक्यात हाय तवरच उतरवून घे, लीला. निकालापर्यंत तरी." इतक्या वर्षांत माझ्याजवळ त्याने काही मागितल्याचं आठवत नाही.

वाक्याच्या मध्येच अडकतो. मग मी शब्द पुरवते, तो मान हलवतो. आज सहा पानं झाली. शाळेतही मुलगा अडखळला की वाक्य मीच पुरं करी. तास वाचे.

२२ नोव्हेंबर

पान ३८. "मंग थोरल्यानं वाहत्यायले नोटीस…" इथे थांबला. घड्याळात १०.२६. मी 'बजावली' लिहिलं, वाचून दाखवलं. मान हलली. पुढे घेतलं.

तूर शेंगांवर आली आहे म्हणे. कधीपासून शेताकडे गेले नाही.

३ डिसेंबर

निकाल झाला! पान १०४. सुनावणीला कवचे सगळे हजर, वाहते गैरहजर. नोटीस मिळूनही आले नाहीत, सबब एकतर्फी निकाल. वाहत्यांनी उत्तरेच्या दरीपलीकडे जावं, पुन्हा या बाजूला येऊ नये. भाषा नेटकी झाली आहे. बरीचशी मी पुरवली, तो थकला होता.

मीनाचा पुण्याहून फोन. वडिलांची गोष्ट पुस्तकासारखी छापून घेते म्हणाली. म्हटलं, महिनाअखेर देते.

९ डिसेंबर

केनवडहून संपत आला, सकाळच्या बसने. भाऊची मोजणीची साखळी धरणारा माणूस. दोघांनी मिळून किती शिवारं पायाखाली घातली याचा हिशोब नाही. "जयभीम साहेब," म्हणून पायांशी बसला. भाऊची बोटं धरली तेव्हा ती जरा थांबली.

मला ठाऊक नव्हतं की दुपारी झाडाखाली डबा खाताना भाऊ त्याला खोलच्या गोष्टी सांगत असे. वहिनीलाही ठाऊक नव्हतं. मी हौसेने वाचायला बसले. संपत मान डोलवत, मध्येच "बराबर" म्हणत ऐकत होता. पान ३८ नंतर 'बराबर' बंद. निकाल आला तेव्हा म्हणाला:

"बाई, हे काहून असं?"

"काय झालं?"

"साहेबाच्या गोष्टीत नोटीस बजावतच नाही. वाहत्यायचा पत्ता कोनता? आज इथं, उद्या कुठं. थोरला म्हने, नोटीस हाती देल्याबिगर मोजनी नाही. कवचे लय बोंबलले. तरी तो नोटीस घेऊन वाहत्यायच्या मांगं निघाला. हात सैल सोडून. सोताच वाहत."

"मग?"

"मंग साहेब डब्बा बंद करत. म्हनत, चाल संपत, साखळी धर. त्याच्यापुढचं त्यायनं कधी सांगतलंच नाही."

मी वही मिटली. तो हसून म्हणाला, "तुमच्या शाळेच्या पटावरून पोट्टे कमी होत, तसेच कमी केले म्हना वाहत्यायले." वहिनी खुदकन हसली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या मुलांबद्दल बोलत होता. दिवाळीनंतर महिनोन्‌महिने गैरहजर. नियम होता, मी…

भाऊ सगळं ऐकत होता. चेहरा कोरा.

१० डिसेंबर

स. १०.०५. विचारलं, "नोटीस बजावली का?" मान हलली. पाच मिनिटं जाऊ दिली. "नोटीस बजावली नाही का?" मान हलली. तशीच. तितकीच.

पुन्हा विचारलं नाही.

११ डिसेंबर

लाल पेन घेऊन बसले. जी वाक्यं नक्की भाऊची, त्यांच्याखाली रेघ. पान ३८ ते १०४ मध्ये एकोणीस निघाली. बाकी सगळी माझी. स्वच्छ, मुद्देसूद, तपासणी अधिकाऱ्याला दाखवण्याजोगी.

त्याचं एक: 'शेवाळ सावलीत मरत नाही, झोपते.' हे मला जन्मात सुचलं नसतं. आणि हे आलं निकालाच्या आदल्याच दिवशी, थोरल्या आठ्याच्या तोंडी. म्हणजे अर्जात दम नाही हे थोरल्याला माहीत होतं. मी ते लिहून घेतलं, शुद्धलेखन तपासलं आणि पुढे जाऊन वाहत्यांना हाकललं.

१२ डिसेंबर

भाऊला सांगितलं. "माझी चूक झाली. तुझं वाक्य मी पुरं करायला नको होतं."

भाऊ: "चाललं… व्हतं. बरं."

बरं चाललं होतं? की जाऊ दे, बरं? विचारायला तोंड उघडलं तर त्याचा आवाज बसला होता.

वहिनी भाजी निवडता निवडता: "ताई, मनाले लावून नका घेऊ. तुमचं तोंड पडू नये म्हनून हालवली असंन मान. लग्नापासून माह्यासमोर तेच करून राह्यले. हो हो म्हनायचं अन् आपल्या मनचं करायचं."

"मग या वेळी मनचं का नाही केलं?"

तिने मेथीची जुडी सोडायला घेतली.

१३ डिसेंबर

पान ३८ ते १०४ वर तिरकी रेघ. भाऊच्या समोर मारली. नवा नियम: पदरचा एक शब्द नाही. तो थांबला की पेन थांबेल.

१५ डिसेंबर

"थोरला… नोटीस… हातात." अर्ध्या तासात तीन शब्द. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली होती. ओठ मिटून बसले. हे असं नुसतं बसणं मी कधी केलेलं नाही. वर्गात नाही, घरात नाही.

१६ डिसेंबर

"वर." मी लिहिलं. थोरला वर गेला? प्रवाह वर वळला? वहिनी आली, त्याच्या मानेखालची उशी वर सरकवली, त्याने डोळे मिटले. शब्द खोडू की ठेवू? ठेवला.

१९ डिसेंबर

काही नाही. ऊन खिडकीतून पलंगावर येतं, जातं.

२० डिसेंबर

आज बोलला! एक आख्खं: "वाहत्यायच्या… मधात गेलं… का… आपली सावली… दिसत नाही." दहा मिनिटं लागली. वाचून दाखवलं. मान हलली, पण आता मानेवर माझा विश्वास नाही. तरी हे त्याचंच आहे. थोरला त्यांच्यामध्ये पोचला तर. पोचला!

वहिनीला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. म्हणाली, "कोन पोचलं?"

२३ डिसेंबर

ताप. खोकला. पाणी श्वासनलिकेत जात होतं बहुतेक, आमच्या लक्षात आलं नाही. गाडी करून वाशीमला.

२७ डिसेंबर

वाशीम. नाकातून नळी. डॉक्टरांना विचारलं, आवाज? "त्याचं सांगता येत नाही, बाई. आता गिळण्याकडे लक्ष द्या." कधीपर्यंत असं? तोवर ते पुढच्या खाटेकडे गेले होते. मी माणसांना उभं करून उत्तरं घेत आले. इथे उभी मीच होते.

वही पिशवीत आहे. काढली नाही.

२ जानेवारी

घरी आणलं. नळी काढली. सगळं पातळ घट्ट करून, चमच्याने, बसवून. एक जेवण पाऊण तास. वहिनी न कंटाळता करते. "जवा… हं… गिळा आता… शहाना मानूस." त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या सुरात बोलताना तिला आज पहिल्यांदा ऐकलं.

५ जानेवारी

बाराखडीचा तक्ता केला. मोठी अक्षरं, पहिलीच्या वर्गासाठी करीत असू तसा. त्याने बोट ठेवायचं, मी जुळवायचं. हात थरथरतो, बोट शेजारच्या घरात पडतं. तासाभरात जे जमलं त्याचा कुठल्याच भाषेत अर्थ नाही. शेवटी त्याने तळहात तक्त्यावर पालथा ठेवला. पुरे म्हणत होता की टेकवला होता?

तक्ता कपाटामागे.

९ जानेवारी

मीनाचा फोन. "आत्या, तूच संपव ना ती गोष्ट. बाबांचा सगळा सूर तुला माहीत आहे. तुला दोन दिवसांचं काम."

दोन दिवसांचंही नाही. एका बैठकीत होईल. थोरला नोटीस देईल, वाहते ती वाचतील, सगळे तळाशी जमतील, सलोखा. किंवा थोरला परत येणारच नाही आणि कवचे वर बघत राहतील. दोन्ही शेवट तयार आहेत माझ्याकडे. वाचणाऱ्याला शंकाही यायची नाही.

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळ गिळता येत नाहीत. वहिनीने गुळाचं बोट जिभेला लावलं. जीभ जागेवरच हलली दोनदा. शेजारच्या बायका येऊन गेल्या. मी कुणाशी धड बोलले नाही.

१६ जानेवारी

गोळीची वेळ १० वर नेली, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तशी. आवाज नाही. ११ पर्यंत बसते. पेन टोपणासकट.

आज मनात आलं की त्याला तरी आठवतं का पुढचं? संपतला इतकी वर्षं सांगितलं नाही. कदाचित कधी ठरवलंच नसेल. किंवा ठरवून ठेवलं आणि ते आत आहे, शाबूत, आणि मी बाहेर खुर्चीवर. यांपैकी काय ते कळायला मार्ग नाही. विचारलं तर मान हलेल.

१९ जानेवारी

संपत आला. घरच्या तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या. वहिनी म्हणाली, "साहेब खात नाही आता." तो म्हणाला, "म्या काय साहेबासाठी आनल्या? तुमाले आनल्या." आणि स्वतःच सोलत बसला.

मग म्हणाला, "वाचा बाई. जेवढं साहेबाचं हाय तेवढंच."

वाचलं. खोल, कवचे, आठे, वाहते, सावली, अर्ज. रेघ मारलेली पानं ओलांडली. एकोणीस वाक्यं वाचली. मग डिसेंबरातली. हातात. वर. शेवटी ते आख्खं, सावली न दिसण्याचं. पंधरा मिनिटं लागली असतील. नंतर पुढचं पान कोरं, म्हणून थांबले.

भाऊचे डोळे माझ्यावर. जबडा हलायला लागला. मला वाटलं खोकला, वहिनी वाटी टाकून धावत आली. खोकला नव्हता.

"मंग?"

स्पष्ट. तिघांनीही ऐकलं.

मी म्हटलं, "मग तू सांग ना, भाऊ."

"मंग… काय झालं?"

संपत पुढे सरकला. "साहेब, ते त तुमालेच ठावं. तुमीच सांगान." भाऊने त्याच्याकडे पाहिलं नाही. नजर माझ्यावरच होती, गोष्ट ऐकायला बसलेल्या माणसाची. विसरला होता की माझ्या हाती देत होता, मला कळलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

नजर हलली नाही. अकरा वाजले. संपत शेंगा सोलायचा थांबला. वहिनी म्हणाली, "ताई, सांगा नं काहीबाही. वाट पाहून राह्यले ते."

मी कोऱ्या पानावर हात ठेवून बसले होते. माझे ते दोन्ही तयार शेवट आठवून पाहिले. एकही जागेवर नव्हता.