आईला कोण बघतं?

३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

आईचा खुबा आता बरा आहे. जिभेला कधी काही झालंच नव्हतं. काल ती वॉकर धरून गॅलरीपर्यंत गेली. श्रेय मावशींचं. समुद्रापलीकडून आलेली ही बाई तीन वर्षांत आपली भाषा आईकडून शिकली, म्हणजे आधी टोमणे शिकली.

पत्रास कारण, मावशींचा परवाना वाढवायला नकार आलाय. 'देशाच्या अर्थव्यवस्थेस घरगुती सेविकांची गरज उरलेली नाही.' खाली शिक्का तुझ्या खात्याचा. महिनाअखेर त्यांना जावं लागेल. देशाची गरज माझा भाऊ ठरवतो, असं मी कौतुकाने सांगत फिरायचे. आता आईला न्हाणीघरात कोण नेणार, तेही ठरवून कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

कुठल्या कामगारांची गरज आहे, तो तक्ता मी केला, पण आकडे तुमचे. गेल्या वर्षी घरोघर विचारलं होतं, वृद्धांना कोण बघतं? आपल्या गावातून बाराशे अर्ज आले, आणि बाराशे घरांत मुलं-सुनाच बघतात! एवढं गुणी गाव असताना सेविका कशाला? परवान्यांच्या त्या जागा आम्ही लिफ्टच्या कारागिरांना दिल्या.

आपल्या घरचा अर्ज काढला. अक्षर तुझं. उत्तर, 'मुलगा व मुलगी, आळीपाळीने.' माझी पाळी येऊन दोन वर्षं झाली असावीत.

एकट्या आईसाठी नियम वाकवणार नाही. पण पन्नास घरांनी चूक कबूल केली, तर फेरमोजणी होते आणि तोवर परवाने चालू राहतात. कोरे अर्ज सोबत. पंचवीस तारखेच्या आत पाठव.

तुझा,
दादा

१८ मार्च

ती. दादास सा. न.

पगारी बाई बघते, हे लिहायची लाज वाटली रे. सगळ्यांचं तेच. वरच्या शिक्षिकाबाई दार अर्धवट उघडून म्हणाल्या की सासऱ्यांना त्या स्वतः भरवतात; मागे त्यांची बाई वाटी-चमचा घेऊन उभी! आठ दिवसांत अर्ज मिळाले चार.

मग आईच निघाली. लिफ्ट हल्ली झकास चालते, तेवढं तुझं मान्य. दारोदार जाऊन तिने सांगितलं, की माझा मुलगा मोठा साहेब, तो बघत नाही. मुलीला नोकरीतून सवड नाही. मला परकी बाई बघते आणि छान बघते. आता तुमचं बोला. शिक्षिकाबाईंनी पेन मागितलं. दोन इमारतींतून बावन्न अर्ज झाले, आपला धरून.

दमलेली,
धाकटी

२४ मार्च

ती. आईस शि. सा. न.

अर्ज पोचले, पण तीन बाद झाले. एकोणपन्नास उरले, कारण दोन ठिकाणी सह्या नव्हत्या आणि तिसरा आपला. चुकीच्या उत्तरात ज्यांची नावं, त्या सगळ्यांची सही लागते. नियम माझाच.

आज कारकुनासमोर बसून मी लिहिलं, की मी माझ्या आईला बघत नाही. खाली सही केली. पन्नास भरले. मावशी राहतील.

कारकुनाने शिक्का मारला, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, की साहेब, एक कोरा अर्ज मलाही मिळेल का.

शनिवारी येतोय. जमेल तेवढी माया शिल्लक ठेव.

तुझा,
दादा