ताईचं नाक

ता. ३ फेब्रुवारी

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

दर रविवारी तू सहलीची अठरा माणसं घेऊन माझ्या तळघरात येतोस आणि आपण सख्खी भावंडं असून दोन शब्द धड बोलत नाही. माणसांसमोर बोलता येत नाही आणि फोन मालकीणबाईंच्या टेबलावर. म्हणून हे पत्र. नीट बसून वाच.

डिसेंबरात मला ताप आला होता, तो तू थट्टेवारी नेलास. ताप गेला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एका सकाळी नेहमीसारखी पोकळ सळई चीजच्या जाड गोल चाकात खुपसली, बोटभर तुकडा काढून नाकाशी धरला, तर काहीच नाही. सळई पुसून दुसऱ्या चाकात घातली. असं करत एका फळीवरच्या बाराही चाकांना मी भोकं पाडली बघ. शेवटी फरशी पुसायचं औषध उघडून हुंगलं. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला.

डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला ते इतकी वर्षं शिकले!

सव्वीस वर्षं मी या तळघरात आहे. चाकं उलटायची, मिठाच्या पाण्याने पुसायची, हे कोणीही करेल. कुठलं चाक तयार झालं, कुठलं बिघडलं, हे माझं नाक ठरवतं आणि मगच ते बाहेर जातं. मालकीणबाईंना कळलं तर त्या मला एक दिवसही खाली ठेवणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकणारही नाही. मला भीती वाटते रे. तुला सांगायला कसली लाज.

तुझी माणसं हात धुऊन पांढरे डगले घालतात त्यात दहा मिनिटं जातात. तेवढ्यात तू पुढे ये. मी तुकडे काढून झाकून ठेवीन. तू हुंगायचं आणि मला सांगायचं. बाकीचं मी बघते.

पत्र वाचून फाडून टाक. जेवण वेळेवर घेत जा. तुझ्या जिवावर एवढं मागतेय, राग मानू नकोस.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं, मग फाडलं, मग तुकडे गोळा करून पुन्हा वाचलं. तापाची थट्टा केली त्याबद्दल माझ्या कानाखाली दोन वाजव. लहानपणी वाजवायचीस तशाच.

तू सांगतेस ते सगळं करीन. पण ताई, तू नाक मागितलंस ते कोणाकडे? मी सकाळी सातला बसमध्ये चढतो. पुढच्या रांगेत अत्तरं, मागच्या रांगेत बुटांतून बाहेर काढलेले पाय. अकराला द्राक्षमळा. तिथे तीन प्रकारच्या वाईन, आणि मी स्वतः घोट घेतल्याशिवाय लोक पेला उचलत नाहीत. मग जेवण, आणि तीन वाजता तुझं तळघर. त्या वेळेपर्यंत माझ्या नाकाचा पार धर्मशाळेचा दरवाजा झालेला असतो. शिवाय मी माईकवर वासाबद्दल जे काही बोलतो ते सगळं तुझंच ऐकून पाठ केलेलं आहे. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तरी येतो. दुसरं काय करणार? तू मला शाळेत हाताला धरून नेलंस, नोकरी लागेना तेव्हा मालकीणबाईंकडे शब्द टाकून ही सहल मिळवून दिलीस. दहा मिनिटं हुंगणं म्हणजे काही फार नाही.

वास परत येईल. मला आतून वाटतंय. माझं आतून वाटलेलं आजवर कधी खरं झालं नाही, पण एकदा तरी होईलच की.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बडबड्या


ता. १६ मार्च

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

पाच रविवार निभावले. मालकीणबाईंना काही कळलेलं नाही. तुझे आभार मानायचे तर तू डोक्यावर चढशील, म्हणून मानत नाही.

तुझी वर्णनं मात्र मी कागदावर टिपून ठेवलीयत. पहिल्या फळीला तू म्हणालास, पावसात भिजलेल्या मोज्यासारखा. मला कळलं की चाकं तयार आहेत. तिसरीला म्हणालास, काकांच्या जुन्या पेटीसारखा. म्हणजे अजून तीन आठवडे. दुसरीला नुसतंच दूध म्हणालास, तर ती अगदीच कोवळी. सव्वीस वर्षांत ग्राहकांना मी काय काय गोड शब्द ऐकवले, पण मोजा आणि पेटीइतकं खरं कोणी बोललं नव्हतं. काकांची पेटी मला आठवते. तू सांगितलंस आणि क्षणभर मला तो वास आल्यासारखंच झालं. मग गेला.

एकच गोष्ट मनात राहिलीय. काल पाचव्या फळीला तू हुंगलंस आणि एकदम झकास म्हणालास. मोजा नाही, पेटी नाही, नुसतं झकास. माझ्या बोटाला त्या चाकांची साल जरा बुळबुळीत लागली होती. विचारणार होते, तेवढ्यात तुझी माणसं आत आली. बाराही चाकं मी बाहेर काढली आणि हॉटेलात पोचवायला तुझ्याच बसच्या बर्फाच्या पेटीत ठेवून दिली. ती बरी होती ना रे? एका ओळीत कळव, म्हणजे मन स्वस्थ होईल.

सर्दी होऊ देऊ नकोस. तुझी सर्दी आता आपल्या दोघांची आहे.

तुझी,
ताई


ता. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर पोचायच्या आत हॉटेलवाल्याचाच फोन मालकीणबाईंना गेला. तुझ्या कानावर आलंच असेल. पाचव्या फळीची चाकं खराब निघाली. दोन चाकं कापून वाढल्यावर त्यांच्या आचाऱ्याच्या लक्षात आलं. चार पाहुण्यांची पोटं बिघडली, एक म्हातारे गृहस्थ दोन दिवस दवाखान्यात होते. आता घरी आलेत. मी स्वतः जाऊन त्यांना बघून आलो. ते माझ्याशी फार चांगलं बोलले, त्यानं जास्तच वाईट वाटलं.

ताई, तो वास मला आला होता. नाकाला झोंबला होता. पण तिसरा पेला जरा जास्त झाला होता, आणि मला वाटलं, मुरलेलं चीज झोंबतच असेल. तुला विचारायला तोंड उघडलं, तर तू फळीला टेकून उभी होतीस. इतकी थकलेली दिसलीस की माझ्याच्याने शंका काढवेना. म्हणून झकास म्हटलं. तुला बरं वाटावं म्हणून. माझ्या हातून तेवढंच होत होतं आणि तेही मी असं केलं.

मालकीणबाईंना मी सांगितलं की चूक माझी. बर्फ भरायला विसरलो आणि चाकं संध्याकाळपर्यंत उन्हात तापली. त्यांनी माझ्या बसला तळघर बंद केलंय. हरकत नाही. सहल द्राक्षमळ्यावरूनच परत नेईन. तू फक्त गप्प बस. मी हात जोडतो.

पण आता रविवारी तुझ्यासाठी कोण हुंगेल, हे मला खोटं बोलून झाल्यावर सुचलं.

तुझ्या रागालाही मी लायक नाही, तरी विसरू नकोस.

तुझा,
बडबड्या


ता. ३० मार्च

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

मी वर जाऊन मालकीणबाईंना सगळं सांगून आले. रागावू नकोस. तू मला हात जोडलेस, पण ते म्हातारे गृहस्थ दवाखान्यात माझ्यामुळे होते. बोटाला कळलं होतं. मी बोटाचं ऐकलं नाही, तुझ्या शब्दाचं ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. त्यात तुझा दोष नाही.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की मी आधी सांगायला हवं होतं. मग किल्ल्या मागितल्या. मी कमरेच्या काढून टेबलावर ठेवल्या. तुझ्या बसला तळघर पुन्हा उघडलंय. तळघरावरची राहती खोली माझ्याकडेच राहील आणि मी डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, असं ठरलं. सगळ्यांना त्यांनी माझे गुडघे दुखतात असं सांगितलंय. अब्रू झाकली त्यांनी माझी. त्यांचे उपकारच म्हणायचे.

शिकून आलेली एक नवी बाई माझ्या जागी आलीय. चांगली आहे. मला ताई म्हणते आणि गुडघ्यांना लावायला तेल आणून देते. मी ते लावते. काय करू?

रविवारी खाली तुझा आवाज येतो. फरशीतून शब्द कळत नाहीत, पण लोक हसले की कळतं.

तुझी,
ताई


ता. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येत्या रविवारी बसमध्ये पहिली खिडकी तुझी. तिकीट मी काढलंय, तेव्हा नाही म्हणायचं नाही. सव्वीस वर्षांत तू तो द्राक्षमळा पाहिला नाहीस, कारण रविवार म्हणजे तुझं तळघर. आता तरी ये. सकाळी सातला शहरात यायचं, म्हणजे शनिवारी माझ्याकडे मुक्काम. मला दुसरं काही करता येत नाही ताई. मला माणसं फिरवता येतात. तुला फिरवतो.

वाट बघतोय.

तुझा,
बडबड्या


ता. १३ मे

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

रविवारी तू मला इतकं जपलंस की ते बघून मलाच अवघडल्यासारखं झालं. मळा सुंदर आहे. वाईनचा रंग छान होता. चव आंबट पाण्याची लागली, पण तू बघत होतास म्हणून मी पेला संपवला.

बसमध्ये तू माईकवर सांगितलंस की आज आपल्यात या भागातलं सगळ्यात मोठं नाक बसलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू माझा मान राखायला बोललास हे मला कळतं. मी मान खाली घातली, ती तुला लाजल्यासारखी वाटली असेल.

मग तळघर. माझ्या तळघरात मी पांढरा डगला घालून अठरा माणसांबरोबर रांगेत उभी राहिले. नव्या बाईने चाकातून तुकडा काढला, हुंगला, आणि तिला काही ठरवता येईना. हे चाक आज कापावं की नाही, अशी तिला शंका होती. खरी शंका होती, मी तोंड ओळखते. तिने तो तुकडा माझ्या नाकाशी धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ताई, तुम्हीच सांगा.

मी सांगितलं की मला वास येत नाही.

आजवर चारचौघांत मी हे कधी म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि आता सगळं थांबेल असं वाटलं. पण माणसं हसली. सगळ्यात मोठं नाक आणि वास येत नाही, म्हणजे काय मजा! पोट धरून हसली. नव्या बाईला वाटलं, मी तिची परीक्षा घेतेय, तीही हसली. आणि तूही हसलास रे. माणसं हसली की तू हसतोस, इतक्या वर्षांची सवय तुझी. मग माझ्याकडे बघितलंस आणि तुझं हसू तोंडावर तसंच अडकलं. मी तुला दोष देत नाही. मीसुद्धा हसले.

माझं हसणं बाईने होकार समजून चाक कापलं. ताटलीत तुकडे फिरले. अठरा जणांनी खाल्लं आणि मी एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. कोणी तोंड वाकडं करतंय का, कोणी तुकडा खिशात घालतंय का. ओरडून थांबवावं, तर कशाच्या जोरावर? कदाचित चीज उत्तम असेल. सव्वीस वर्षं ज्या जागी मी एका श्वासात सांगत होते, तिथे मला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं.

तू दोन तुकडे खाल्लेस, मी मोजले. आज तीन दिवस झाले. वर माझ्यापर्यंत कोणाची तक्रार आलेली नाही, आणि खाली जाऊन बाईला विचारायला माझे पाय उचलत नाहीत. तुझी तब्येत कशी आहे? आणि ते चीज कसं होतं? मोजा म्हण, पेटी म्हण, नाकाला झोंबलं असेल तर झोंबलं म्हण. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं लिही.

उलट टपाली पाठव.

तुझी,
ताई